देवाकडून परत आणलेली रातांबी

भागीआते गेल्याचे मला एका बैलामुळे कळले. पावसकडच्या एका गाडीवानाने खुरात खिळा गेलेला बैल आमच्या रत्नागिरीच्या गुरांच्या दवाखान्यात आणला होता. मी खूर मांडीवर घट्ट धरून बसलो होतो, डॉक्टर चिमट्याने खिळा ओढत होते, आणि गाडीवान बैलाच्या कपाळावर हात फिरवत इकडच्यातिकडच्या गप्पा मारत होता. यंदा भात बरे आहे, अमक्याचा मुलगा मुंबईला गिरणीत चिकटला, तमक्याच्या माडावर वीज पडली... आणि त्याच सुरात तो म्हणाला, "तुमची भागीआते गेली न्हवं परवा. आमाला वाटलं, तुमाला कळलंच आसंल." मला उठता येईना. खूर सोडला असता तर लाथ डॉक्टरांच्या छातीवर बसली असती. म्हणून मी तसाच बसून राहिलो, खिळा निघेपर्यंत, मग जखम धुऊन पट्टी बांधेपर्यंत. पट्टी नेहमीपेक्षा नीटच बांधली असावी, कारण डॉक्टरांनी शाबासकी दिली. या गोष्टीला आता दीड महिना झाला. शाबासकी अजून कानात आहे आणि तिची लाज वाटते.

आते म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मी पाच वर्षांचा असताना माझी आई वारली, आणि मराठी शाळेच्या पाच इयत्ता मी पावसला आतेच्या घरी राहून शिकलो. ती तरुणपणीच विधवा झाली होती. पदरात एकच मुलगा, शिवराम. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. दोन वाफे भात, परसात चार माड, एक फणस आणि सात-आठ कोंबड्या, एवढ्यावर तिने आम्हा दोघांना वाढवले. प्रेमाने वाढवले असे म्हणायची पद्धत आहे, पण तिने आम्हाला मुख्यतः ओरडून वाढवले. तिचा आवाज खालच्या वाडीपर्यंत जाई. कोळीण मासळी घेऊन आली की आधी दोघींचे भांडण, मग सौदा आणि शेवटी दोघींचा चहा, हा क्रम कधी चुकला नाही. मात्र तिच्या स्वभावातली एक गोष्ट सगळा गाव ओळखून होता. ती शब्द मागे घेत नसे. एकदा शेजारणीशी काही वाजले आणि ही बोलून गेली की, तू माफी मागेपर्यंत तुझ्या विहिरीचे पाणी मला वर्ज्य. शेजारीण माफी मागेना. आते अकरा वर्षे टेकडीखालच्या विहिरीवरून हंडा वाहत राहिली. पुढे शेजारीण मेली तेव्हा तिच्या अंगाला लावायला हळद आतेनेच वाटली, पण त्या दिवशीही पाणी टेकडीखालूनच आणले. मी हसलो तर म्हणाली, "बोल्ले ती बोल्ले." तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

शिवा अठराव्या वर्षी मुंबईला जाऊन आगबोटीवर खलाशी म्हणून लागला. आमच्या भागात ही काही नवलाची गोष्ट नव्हे. निम्म्या घरांतली माणसे बोटीवर आणि उरलेली गिरणीत. पण आतेचा तो एकच. तो निघाला त्या सकाळी तिने एक चूक केली. गावाच्या वेशीवर किंजळीच्या झाडाखाली आमच्या राखणदाराचा पाषाण आहे. त्याला नवस बोलायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: नवस तोंडाने बोलायचा, आणि तो फळला की त्या दिवशी कोंबडा नेऊन द्यायचा. जनावर आधी देवाला दाखवायचे नाही. आतेला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण नुसत्या तोंडच्या बोलण्यावर देव आपल्या पोराला राखील असा तिला भरवसा वाटेना. देवाच्या हातात काहीतरी द्यावे, म्हणजे तो बांधला जाईल, असा तिचा हिशेब. घरात त्या वेळी धड कोंबडा नव्हता. एक तलंग होती, अजून अंड्यावर न आलेली, पिकल्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, लालजांभळ्या रंगाची. तीच काखेत मारून ती राखणदारापुढे गेली. म्हादू गुरवाने गाऱ्हाणे घातले, तलंगेपुढे तांदूळ ठेवले, आणि तिने ते टिपले. तांदूळ टिपले म्हणजे देवाने जनावर पत्करले. शिवा परत येऊन उंबऱ्याच्या आत पाय टाकील त्या दिवशी हीच द्यायची. वाटेत म्हादूच्या म्हाताऱ्या आईने कपाळाला हात लावला. "अगो, देवाला आधीच दावलंस? आता हिला दुसऱ्या कुनाची सुरी चालायची नाय." आते म्हणाली, "दुसऱ्या कुनाची कशाला चालवू? येलच की माजा वर्सा-दोन वर्सांत."

पहिली दोन वर्षे शिवाची पत्रे आली. तिसऱ्या वर्षी एकच आले, चौथ्या वर्षी तेही नाही. आणि इकडे ती तलंग मोठी झाली, अंडी घालू लागली, पिल्ले काढू लागली. तिच्या बरोबरीच्या कोंबड्या पाहुण्यारावळ्यांच्या पानात गेल्या, ही राहिली. आतेने तिचे नावच रातांबी पाडले. गावात तिचा थाट काही विचारू नका. देवाची म्हणून तिला कुणी हाड म्हणत नसे. ती कुणाच्या वाळवणात शिरली तरी घरची बाई तिला हात जोडल्यासारखे करून हाकलायची. आते टेकडीखाली पाण्याला निघाली की ही मागून तुरुतुरु; आते दळायला बसली की ही जात्याच्या कडेला, उडालेला दाणा टिपत. संध्याकाळी बाकीच्या कोंबड्या खुराड्यात आणि ही ओटीवर, आतेच्या घोंगडीच्या टोकाशी. सुट्टीत मी गेलो की आते मला विचारायची, "बग, जाडी झालीय न्हवं? शिवा येल तवर आनखी भरंल." मी मान डोलवायचो.

माझी मान डोलवण्याची गोष्ट आता सांगायलाच हवी, नाहीतर हा लेख म्हणजे आतेच्या नावावर मी माझीच आरती ओवाळल्यासारखे होईल. मिठाचा सत्याग्रह झाला त्या साली, पावसाळ्याच्या तोंडावर, औषधांची पेटी उतरवून घ्यायला मी बंदरावर गेलो होतो. आगबोटीतून उतरलेल्या माणसांत शेजारच्या गावचा एक खलाशी भेटला. त्याने मला बाजूला घेतले. शिवाने बोट कधीच सोडली होती. तो इराकात, बसऱ्यात होता. तिथे त्याने चहाचे दुकान टाकले होते, तिथलीच बायको केली होती आणि एक मुलगीही झाली होती. "परत येनार नाय म्हनतो," खलाशी म्हणाला, "आनि आयेला सांगू नको, म्हनून शपथ घातलंन." मी विचारले, मग मला कशाला सांगितलेस? तो म्हणाला, "माज्या पोटात ऱ्हाईना." त्याच्या पोटातून ते माझ्या पोटात आले, आणि तिथे चार वर्षे राहिले. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी गत. सांगावे तर म्हातारीचे उरलेसुरले हिरावून घ्यायचे, न सांगावे तर ती जाडी होत चाललेली कोंबडी मला दर सुट्टीत दाखवणार. मी मनाला समजावले की आपण काही केलेले नाही. आपण फक्त काही बोललो नाही.

चौथ्या वर्षी श्रावणात आतेचा निरोप आला: "दत्तूला सांग, घरात आजारी हाय, आसशील तसा ये." मला वाटले, आतेच आजारी. मी दोन दिवसांची रजा काढली, डॉक्टरांच्या परवानगीने पिशवीत चार औषधे टाकली, तरीच्या होडीतून भाट्याची खाडी ओलांडली आणि भिजत, धापा टाकत संध्याकाळी घरी पोचलो. आते दारात ठणठणीत उभी. "आलास? पायावर पानी घे आनि हिला बग. तीन दिस झाले, काय खाल्लंन नाय." ओटीवरच्या डालग्यात, जुन्या लुगड्याच्या घडीवर रातांबी पाय फाकून उभी होती. मला राग आला आणि हसूही आले. आमच्याकडे आजारी कोंबडीचा वैद्य म्हणजे पातेले. आतापर्यंत आमच्या दवाखान्यात कुणी कोंबडी आणल्याचे मला आठवत नाही. पण मी तिला उचलले आणि माझे हसू गेले. पोट पाण्याने तटतटले होते, पखालीसारखे डचमळत होते. तुरा जांभळा पडला होता. चोच उघडी, आणि दर श्वासाबरोबर शेपूट वरखाली होत होते. असा श्वास मी गुरांत पाहिलेला आहे. त्याचा अर्थ मला कळत होता. मी डालग्यावर फडके टाकले आणि म्हणालो, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी खाडीला असे पाणी चढले की तरीची होडी बंद झाली. पावसाची झड बसली. मी पुढचे तीन दिवस त्या घरात अडकलो, आणि तसे तीन दिवस मी पुन्हा कधी काढले नाहीत. बाहेर जावे तर गुडघाभर चिखल, आत थांबावे तर ती घरघर. पागोळ्यांच्या आवाजातही ती ऐकू यायची. आते तासातासाला तिची चोच उघडून कधी पेज, कधी आले-गूळ, कधी हळदीचे तूप घालायची. कोंबडी मान वळवायची, आते मान धरून सरळ करायची. "खा गो बाय, खा. चार दिस काड." मी म्हटले, "आते, तिला जात नाही ते. तिला त्रास होतो." ती माझ्यावर ओरडली. "तू डागदराकडं काय नुसतं झाडू मारतंस? औषध दे!" मी पिशवीतली एक पूड पाण्यातून दिली. त्याने काही होणार नाही हे मला ठाऊक होते. पण काहीतरी दिल्याखेरीज मला त्या घरात बसवेना. रात्री ती आडवी होऊ शकत नव्हती, पोटामुळे बसवतही नव्हते. उभी राहून डुलक्या काढायची, कलंडायची आणि दचकून पुन्हा उभी राहायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हादू गुरव चौकशीला आला. आतेने त्याला आशेने विचारले, "म्हादू, तिला आताच देवाला देऊन टाकली तर?" म्हादू सज्जन माणूस. त्याने डालग्यात वाकून बघितले आणि मान हलवली. "आजारी जनावर देवाला चालत नाय, वयनी. आनि नवस तरी कुटं फळलाय?" मग मी विचारले, "दुसऱ्या कुणी तिची सुटका केली तर?" त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितले, जणू मी काही अभद्र बोललो होतो. "देवानं बगितलेलं जनावर. दुसऱ्यानं हात लावायचा नाय." "मग करायचे काय?" "वाट बगायची," म्हादू म्हणाला, आणि इरले डोक्यावर घेऊन निघून गेला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या बांधावर ती कोंबडी डुलत उभी. देवाला चालत नाही, माणसाने मारायची नाही, आणि मरण तर वाट चुकल्यासारखे कुठेतरी अडकून पडलेले.

"आपल्या हातून पाप नको." हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकतो. कंबर मोडलेला बैल गोठ्यात बारा बारा दिवस पडून राहतो, त्याच्या कुशीला किडे पडतात, पण मालक डॉक्टरांना म्हणतो, आपल्या हातून पाप नको, जाईल तेव्हा जाईल. डॉक्टरांनी एकदा टांग्याच्या पाय मोडलेल्या घोड्याला भर रस्त्यात गोळी घातली, तेव्हा लोक त्यांना कसाई म्हणाले. मी त्यांच्या बाजूने भांडलो होतो. हात मालकाचे स्वच्छ राहतात आणि सोसायचे मात्र मुक्याने, हे कसले पुण्य, असे मोठमोठ्याने बोललो होतो. आणि आता मी आतेच्या ओटीवर बसलो होतो, ती घरघर ऐकत. ती कोंबडी ज्या नवसात अडकली होती तो नवस मी एका वाक्याने मोडू शकत होतो. चार वर्षे ते वाक्य मी बोललो नव्हतो, कारण माझ्याही हातून पाप नको होते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे म्हणतात. मी मात्र चार वर्षे तेवढेच करत आलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आते पेज घेऊन बसली तेव्हा रातांबीने मान वळवलीसुद्धा नाही. पेज चोचीतून बाहेर ओघळली. आतेने ती पदराने पुसली, आणि मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात म्हणाली, "दत्तू, तिला मरू देऊ नको रे. ती गेली म्हंजे..." मला तेव्हा कळले. मला वाटत होते, हा एका पाळलेल्या जिवाचा लळा आहे. तिच्या लेखी ती कोंबडी आहे तोवर शिवाची वाट उघडी होती. नवसाचे जनावर नवस फळण्याआधी आपोआप मेले, तर ज्याच्यासाठी नवस त्याचे काय झाले असे समजायचे? ती रातांबीला पेज भरवत नव्हती, शिवाला भरवत होती.

"आते," मी म्हणालो, "हिचे हाल संपवायला हवेत."

"म्हंजे शिवाला मारू? माज्या हातानं?"

"शिवा बरा आहे."

मी तिच्याकडे न बघता, डालग्याच्या कामट्या मोजत, सगळे सांगितले. बंदर, खलाशी, बसरा, चहाचे दुकान, बायको, मुलगी. परत येणार नाही हे सगळ्यात शेवटी, पण तेही सांगितले. तिच्या हातातली वाटी तिने खाली ठेवली. ती रडेल, मला बोल लावील, निदान ओरडेल, याची मी वाट बघत होतो; मला ते बरे वाटले असते. पण तिने विचारले, "ती बाय... त्याला जेवायला बरं घालते काय रे?"

मी म्हणालो, "घालत असेल."

"त्याला आंबट लागतं. आमसूल नसलं की जेवत नाय." मग एकदम तिने माझ्याकडे पाहिले. "कदी कळलं तुला?"

"चार वर्षांपूर्वी."

"चार वर्सं." तिचा आवाज चढला नाही. "मी थांबले ती थांबले, दत्तू. मी मानूस हाय, मला थांबता येतं. पन हिला कशाला थांबवलंस?" आयुष्यात मला पुष्कळजण पुष्कळ बोलले आहेत. पण एवढे कुणाचे लागलेले नाही.

ती उठली. चुलीतला विस्तव झाकला, लुगडे बदलले, रातांबीला घडीसकट उचलून काखेत धरले आणि इरले घेतले. "चल," म्हणाली. कुठे, ते मी विचारले नाही. वाटेत म्हादूच्या दारात उभी राहून तिने हाक मारली, "म्हादू, देवाकडं ये." तो भिजत मागोमाग आला. किंजळीखाली पाषाणापुढे पानांचा चिखल झाला होता. म्हादूला वाटले, गाऱ्हाणे त्याला घालायचे आहे. त्याने घसा खाकरला. आतेने त्याला हाताने थांबवले. आमच्याकडे बाईमाणूस गाऱ्हाणे घालत नाही. तिने घातले.

"म्हाराजा, आट-दहा वर्सांमागं मी ही तलंग तुला आनून दावली. माजा शिवा घरात येल तवा देन बोल्ले व्हते. तो येनार नाय. जिता हाय, बायकापोरांत हाय, पन येनार नाय. तुजं काय चुकलं नाय. माजंच चुकलं, मी तुला आदी दावली. आता ही तुला चालत नाय आनि मला बगवत नाय. म्हनून मी बोललेला शब्द मागं घेतंय, आनि माजी कोंबडी मी परत नेतंय. कोपायचं आसंल तर माज्यावर कोप, हिच्यावर नको, पोरावर नको. शिवाला मातर राख. त्याच्यासाटी आता मी काय देनार नाय, म्हाराजा. फुकट राख."

गाऱ्हाणे संपले की जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे असते. त्याशिवाय ते पुरे होत नाही. म्हादू पाषाणाकडे बघत उभा राहिला; त्याचे ओठ हलेनात. त्याचा तरी काय दोष? त्याच्या सात पिढ्यांत देवाला दिलेले कुणी परत मागितले नव्हते. पाऊस पानांवर वाजत होता. आते तशीच उभी होती, तोंड पाषाणाकडे, काखेत ती घरघर. जमलेल्यांत म्हादू सोडला तर मी एकटाच होतो. मी इंग्रजी औषधांचा माणूस, देवधर्मात माझे लक्ष बेताचेच. मी म्हणालो, "व्हय म्हाराजा." तेवढ्याने भागले. आते वळली.

घरी आल्यावर तिने ओटीवर पाट मांडला आणि मांडीवर रातांबीला घेऊन बसली. "तुला येतं ना? तिला कळंल काय?" मी म्हणालो, नाही, डोळ्यांवर अंधार केला की कोंबडी शांत होते, आणि नीट केले तर एका क्षणाचे काम असते. नीट कसे करायचे ते डॉक्टरांनी मला शिकवले होते: अर्धवट दया करायची नाही, एकच ओढ आणि पुरी. आतेने पदर तिच्या डोक्यावर ओढला. खरोखरच तिची मान सैल पडली; तीन दिवसांत पहिल्यांदा ती अंग टेकून बसली. मीच तिच्या मानेवरचा हात दोनदा काढून घेतला. आते म्हणाली, "तुला जमत नसंल तर मला दाव, मी करते." मग मात्र मी केले. पंखांची फडफड झाली तशी आतेने दचकून मला विचारले, अजून जीव हाय काय तिच्यात? मी सांगितले, त्या फडफडीत आता ती नाही. फडफड थांबेपर्यंत तिने हात काढला नाही. "जा गो बाय," म्हणाली, "मोकळी झालीस." आणि घरघर थांबल्यावर घरात जी शांतता पसरली, तिच्यात ती शिवाचे नाव घेऊन रडली. मोठ्याने, खालच्या वाडीपर्यंत ऐकू जाईल अशी. मी पाटाशी बसून होतो. मलाही रडू आले, पण ते कुणासाठी हे मला अजून नीट सांगता येत नाही.

परसात फणसाखाली आम्ही खड्डा केला. आतेने त्या दिवशी चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी खाडी उतरली आणि मी परत आलो. त्यानंतरची चार वर्षे मी दर सुट्टीला जात राहिलो, आणि ती शिवाबद्दल एकदाच बोलली. तांदूळ निवडता निवडता तिने विचारले, "त्या गावात भात पिकतं काय रे?" मी म्हणालो, मला वाटते, खजूर पिकतो. ती "अगो बाय" म्हणाली आणि निवडत राहिली. तिने मला माफ केले की नाही, ते मी कधी विचारले नाही. पण मी निघालो की माझ्या पिशवीत आमसुलांची एक पुडी असायची, आणि मला आंबट मुळीच चालत नाही हे तिला ठाऊक होते. त्या पुड्या मी बंदरावर जाऊन कुणा खलाशाबरोबर बसऱ्याला धाडत असे. पोचल्या की नाही, देव जाणे. तिने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. पण हे न बोलणे पहिल्यासारखे नव्हते.

गेल्या आठवड्यात घर आवरायला मी पावसला जाऊन आलो. तेराव्यानंतर शिवाला पत्र टाकले आहे, उत्तर अजून नाही. भांडी, जाते, घोंगडी वाटून टाकली आणि खिडक्या लावून निघालो, तेव्हा समोरच्या घरातली बाई सोबतीला आली होती. पुढच्या दाराशी तिने मला अडसर दाखवला. शिवा गेल्यापासून आतेने दाराला तो कधी घातला नव्हता, म्हणाली. दार रात्रंदिवस नुसते लोटलेले असायचे, इतकी वर्षे की अडसराच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. कोंबडीला पुरले त्या संध्याकाळी आते विळीच्या टोकाने ती माती खरवडत बसली होती. त्या रात्रीपासून शेवटपर्यंत तिने अडसर घातला. शेवटच्या आजारात उठवत नव्हते तेव्हा ही बाई रात्री सोबतीला निजायची आणि तो घालायची. मी भोकात बोट घालून पाहिले. आतले लाकूड घासून गुळगुळीत झाले होते. शिवा आला तर, अशी शंका मनात आलीच. पण तो अडसर पुन्हा घालायचा तर घरात कुणीतरी असायला हवे होते. मी बाहेर आलो आणि दार नुसते लोटून घेतले.